एकास किती?

४ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल. फोनच करणार होतो, पण तुझ्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्ट्या मारतं आणि आपण दोघंही नुसते "काय? काय?" करत बसतो. त्यापेक्षा हे बरं.

मुद्द्यावर येतो. लेक शिकायला बाहेर गेली आणि तिची खोली रिकामी झाली. आमच्या मास्तरीणबाईंचा तिथं इस्त्रीचं टेबल घुसवायचा डाव होता, पण मी आधी नंबर लावला. त्या खोलीत मी आगगाडी मांडणार आहे. हस, हस. इतकी वर्षं तू माळ्यावर चिमुकल्या गाड्या पळवतेस आणि मी तुला चिडवत आलो की दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवून हिचे हात भरत नाहीत. आता माझ्यावरच ती पाळी आली.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. क्रेनच्या केबिनमध्ये उभा जन्म काढलेला माणूस जमिनीवर करणार काय? वरून मला सगळं जग खेळण्याएवढंच दिसतं. ट्रक काडेपेटीएवढे, आणि आमचा शिट्टी मुंगीएवढा. शिट्टी म्हणजे माझा खालचा माणूस. वॉकीटॉकीवरून मला "दादा, वर", "दादा, डावीकडे" सांगत असतो, आणि मी ऐकलं नाही की गळ्यातली शिट्टी फुंकतो. सध्या आम्ही दोघं मिळून एक मोठं इस्पितळ उभं करतोय.

दुकानात गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "एन, एचओ की ओ?" म्हटलं, मुळाक्षरं नकोत बाबा, गाडी दाखव. काही खरेदी न करता परत आलो. तू सांग, कोणतं माप घेऊ?

तुझा धाकटा


१३ जानेवारी

धाकट्या,

शेवटी आलास ना वळणावर! पत्र वाचून मी कामावर इतकी खुशीत होते की एका आजोबांच्या कवळीला मी जवळजवळ एक दात जास्त बसवला.

आता नीट वाच, कारण मापाचा निर्णय माणूस एकदाच घेतो. रूळ, डबे, फलाट, झाडं, फलाटावरची माणसं, सगळं त्या एका मापाचं घ्यावं लागतं. मन बदललं तर सगळं मोडीत.

माझं आहे ते एन. एकास एकशे साठ. म्हणजे खऱ्या इंजिनाचे एकशे साठ भाग केलेस तर त्यातला एक. इंजीन तुझ्या अंगठ्याहून थोडं लांब, पण छोट्या खोलीतही लांबच लांब गाडी, डोंगर, बोगदा, सगळं मावतं. एचओ म्हणजे एकास सत्त्याऐंशी. हे सगळ्यात जास्त लोक घेतात, त्यामुळे सामानही सगळ्यात जास्त मिळतं. ओ त्याच्याही दुप्पट. हातात घेतलं की वजन जाणवतं, दिसतं राजासारखं, पण वळणाला एवढी जागा खातं की तुझ्या लेकीच्या खोलीत ते गोल फिरणारच नाही. त्याहून मोठं बागेत मांडायचं. तुझ्याकडे बाग नाही, चार कुंड्या आहेत.

माझं मत विचारशील तर एन. आणि नुसतं मत देऊन मी थांबत नाही. सोबत माझं एक इंजीन, दोन डबे आणि थोडे रूळ पाठवतेय. टेबलावर मांड, चालवून बघ, मग बोलू.

आणि अक्षर जरा मोठं काढ रे. तुझं पत्र वाचायला मला लॅबमधलं भिंग घ्यावं लागलं.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

पार्सल परत पाठवतोय, रागावू नकोस. गाडी सुंदर आहे, पण माझ्याच्याने नाही होत. चष्म्याचा नंबर बदलला असणार. चाकं रुळावर बसली की नाही ते दिसतच नाही.

काही प्रश्न आहेत, तेवढे सांग. एका हाताने उचलून रुळावर ठेवता येईल असं माप कोणतं? डबे एकमेकांना आपोआप अडकतात का, की आकडा बोटाने लावावा लागतो? टेबल हललं तर कोणतं माप लवकर घसरतं? जडच असलेलं बरं ना?

साइटवर काम जोरात आहे. परवा जरा गडबड झाली. विटांचा पाळणा उतरवत होतो, वाऱ्याचा झोत आला आणि पाळणा थोडा पुढे गेला. कुणाला काही झालं नाही. पण शिट्टीने शिट्टी फुंकून आख्खी साइट गोळा केली. म्हणतो, "दादा, मी थांब म्हटल्यावर तुम्ही थांबला नाहीत." म्हटलं, वाऱ्याला सांग. त्यावर म्हणतो कसा, वारा नव्हताच. जमिनीवर उभं राहून वरच्या वाऱ्याच्या गप्पा!

मास्तरीणबाई मजेत. वह्या तपासण्यात बुडाल्यात.

धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पार्सल मिळालं. रागावू नकोस म्हणतोस, पण मी रागावलेय. इंजिनाची पुढची पायरी तुटलीय, एक आस वाकलाय, आणि दोन्ही बाजूंचा रंग बोटांनी घासून घासून उडालाय. काय केलंस तू त्याचं? आपटलंस? जमत नव्हतं तर डब्यात ठेवून द्यायचं होतं. ते इंजीन मी किती जपलं होतं ते तुला ठाऊक आहे.

असो. चष्मा बदल आणि एचओ घे. रुळावर चढवायला एक छोटी उतरण मिळते, गाडी तिच्यावर ठेवून ढकलली की चाकं आपोआप जागेवर बसतात. डबे जवळ आणले की आकडे आपोआप अडकतात, तसलेच बघून घे. एका हाताने म्हणशील तर एचओही जमेल. पण एकाच हाताने कशाला? दुसऱ्या हाताने काय चहा पिणार आहेस?

आणि टेबल का हलेल रे? मी तुझे प्रश्न पुन्हा वाचले. नवीन माणूस विचारतो, किती वेगाने पळते, धूर सोडते का, शिट्टी वाजते का. टेबल हललं तर काय, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

खरं सांग. पुन्हा प्यायला तर लागला नाहीस ना?

ताई


२० फेब्रुवारी

ताईस,

हे पत्र साइटच्या ऑफिसात टाइप करून घेतलं आहे, म्हणजे तुला भिंग लागणार नाही.

मी पीत नाही. मास्तरीणबाईंना विचार. नको, विचारू नकोस, उगाच काळजी करत बसतील.

दुकानात जाऊन एचओ हातात घेऊन पाहिलं. नको. मला ओ हवं आहे. गोल फिरत नसेल तर न फिरो. दुसरं काही विचारू नकोस, फक्त ओ मध्ये काय काय लागतं ते कळव. माझ्या टेबलाचं मी बघून घेईन.

मार्चच्या मध्याला आमची सगळ्यात मोठी उचल आहे. इस्पितळाच्या दोन इमारतींना जोडणारा पूल, त्याची लोखंडी तुळई. एवढं वजन या साइटवर आजवर कुणी उचललेलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ही तुळई दादाच उचलतील. निवृत्तीआधी असं काम वाट्याला येणं साधी गोष्ट नाही.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

काल सुट्टी होती. तुझी सगळी पत्रं कामाच्या टेबलावर ओळीने मांडली, जुनी धरून. दोन वर्षांपूर्वीचं, लेकीचा निकाल कळवलास ते. मागच्या वर्षीचं. जानेवारीतलं. फेब्रुवारीतलं. तुझं अक्षर दर पत्राला बारीक झालंय. फेब्रुवारीच्या पत्रात तर प्रत्येक ओळ मोठी सुरू होते आणि टोकाला जाईपर्यंत मुंग्यांची रांग होते. आणि त्यानंतरचं पत्र टाइप केलेलं.

आमच्या लॅबमध्ये मेण ओतणारे एक काका होते. त्यांचं असंच सुरू झालं. आधी अक्षर बारीक झालं, मग शर्टाची बटणं लागेनात, मग मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागला. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा कळलं की ते वय नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. तुला माहीत असेल, असं मला वाटतं.

मी तुझ्यावर इंजीन आपटल्याचा आळ घेतला. तू ते आपटलं नव्हतंस. पुन्हा पुन्हा रुळावर ठेवून बघत होतास.

एकच विचारते. कोणता हात? आणि क्रेनचा दांडा कोणत्या हातात असतो?

ती तुळई तू उचलू नकोस. डॉक्टरकडे जा, मग साहेबांना सांग. आणि विटांच्या पाळण्याची गोष्ट मला पुन्हा लिही, या वेळी वारा वगळून.

ताई


६ मार्च

ताई,

हे हाताने लिहितोय. घे भिंग आणि वाच.

उजवा. वर्ष झालं असेल. अंगठा आणि शेजारचं बोट. खिशात घातला की कुणाला दिसत नाही. पण दांडा हातात आला की थरथर थांबते. पूर्ण थांबते! मी स्वतः बघितलंय. रिकामा असला की हात नाटकं करतो, कामाला लागला की शहाण्यासारखा वागतो. मग धोका कसला? वर्षाची तपासणीही झाली. डॉक्टरने रक्तदाब घेतला, डोळे बघितले आणि सही केली. त्याला दिसलं नाही, आणि तुला तिकडे बसून दिसलं?

पाळण्याचं विचारतेस. शिट्टी थांब म्हणाला ते मी ऐकलं. हाताला सांगितलं, सोड. त्याने जरा उशिरा सोडला. जरासाच. होतं असं कधी.

तुला काय कळणार, वर बसणं म्हणजे काय असतं. खाली मी कुणी नाही. रांगेत उभा राहणारा, चष्मा शोधणारा, मास्तरीणबाईंची बोलणी खाणारा. वर मी बोट हलवलं की डोंगर हलतो. ते सोडून खोलीत बसून खेळण्यातली गाडी ढकलायची, ते पुढच्या वर्षी. आत्ता नाही. या तुळईच्या आधी तर नाहीच नाही.

मास्तरीणबाईंना यातलं काही ठाऊक नाही. तू त्यांना किंवा साइटवर एक अक्षर कळवलंस तर मला बहीण नव्हती असं मी समजेन. हे रागात लिहिलेलं नाही. विचार करून लिहिलंय.

धाकटा


१२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आज आलं. उत्तर उभ्याउभ्या लिहितेय.

आतापर्यंत मी फक्त तुझा विचार करत होते. तुझ्या पत्रानंतर त्या शिट्टीचा करायला लागले. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. पण तुझा हात उशिरा सुटेल तेव्हा तुझ्या केबिनखाली तो उभा असेल, आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्याच्याही घरी कुणी तरी वाट बघत असेल.

मी मास्तरीणबाईंना पत्र लिहिलंय. हे आणि ते, दोन्ही एकाच पेटीत टाकते. तुझ्या पाठीमागून करायचं नव्हतं म्हणून तुला आधी सांगावं असं वाटलं, पण आता वेळ राहिलेला नाही. दोन्ही एकदमच पोचतील.

तुला बहीण नको असेल तर तसं. तू धडधाकट राहून माझ्याशी बोलला नाहीस तरी मला चालेल.

ताई


१९ मार्च

ताईंना नमस्कार,

तुम्ही काळजीत असाल म्हणून आधी हे लिहिते की हे सुखरूप आहेत, आणि साइटवर कुणालाही इजा झाली नाही. आता झालं ते सांगते.

मंगळवारी मी शाळेला निघाले तेव्हा दारात पोस्टमन भेटला. तुमची दोन पत्रं होती, एक ह्यांच्या नावाचं आणि एक माझ्या. मला तुमचं पत्र कधी येत नाही, म्हणून फाटकातच फोडलं. वाचून मी पायरीवर बसले. बटणं लागत नाहीत हे मी रोज बघत होते, ताई. सकाळी मीच लावून देते. हे म्हणायचे शीर आखडलीय, आणि मला तेच खरं मानायचं होतं. तुळई त्याच दिवशी उचलणार होते. सकाळी हे शीळ घालत गेले होते.

फोन लावला, पण वर जाताना हे फोन खालीच ठेवतात. मी रिक्षा करून साइटवर गेले. फाटकावरचा माणूस आत सोडेना. "बाई, आज मोठी उचल आहे, कुणालाच परवानगी नाही." म्हटलं, मग शिट्टीला बोलवा. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला असावा, कारण तो मुकाट्याने गेला.

शिट्टी आला तोपर्यंत तुळई जमिनीवरून सुटली होती. मी मान वर करून बघितलं. आपल्या घराहून लांब असं ते लोखंड हवेत चढत होतं. दोन माणसं दोन टोकांच्या दोऱ्या धरून तिच्यासोबत चालत होती. मी शिट्टीला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "तरीच. वारा नव्हताच, वहिनी."

मी म्हटलं, "त्यांना थांबवा."

"आता नाही. लोड हवेत असताना दादांना काही बोलायचं नाही. दचकले तर संपलं." मग वॉकीटॉकीवर अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "दादा, जरा दमानं घ्या. घाई नाही आपल्याला." आणि वॉकीटॉकी बाजूला धरून हाताने खूण करून त्याने खालची सगळी माणसं मागे घेतली. दोरीवाल्यांना कानाशी जाऊन सांगितलं, "दोरी सोडा आणि भिंतीपलीकडे व्हा." ते वाद घालायला लागले. त्यांनी दोरी सोडली की तुळई डोलते, हे त्यांचंही खरं होतं. शिट्टीने एकाला दंड धरून ओढलं.

तुळई पुलाच्या जागेजवळ आली. शिट्टी म्हणाला, "थांबा, दादा." ती थांबली नाही. सावकाश, अगदी सावकाश पुढे सरकत राहिली. "दादा, थांबा." मग वॉकीटॉकीतून ह्यांचा आवाज आला. तो आवाज मी कधी ऐकलेला नाही.

"शिट्टी, हात सुटत नाहीये."

शिट्टीने आवाज रोजचाच ठेवला. "ठीक आहे दादा. डावा हात आहे ना? लाल बटण डावीकडं आहे. बघू नका, नुसता हात न्या."

क्रेन थांबली. पण तुळई झोक्याने तशीच पुढे गेली आणि तिचं टोक बांबूच्या परांचीवर आदळलं. परांची फळ्यांसकट खाली आली. दोरीवाले जिथं चालत होते, बरोबर तिथं. धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही.

दुसऱ्या क्रेनवाल्याला वर पाठवून त्यांनी तुळई उतरवली. हे शिडीने स्वतः उतरले. मधल्या प्रत्येक फळीवर थांबत होते. खाली पोचल्यावर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शाळा बुडवलीस?"

मी म्हटलं, "हो."

डॉक्टरकडे जाऊन आलो. तुम्ही न लिहिलेलं नाव त्यांनी सांगितलं. गोळ्या सुरू केल्यात. हे बोलत नाहीत, खिडकीशी बसतात. तुमचं त्यांच्या नावाचं पत्र मी टेबलावर ठेवलंय, अजून फोडलेलं नाही. तुम्ही एवढ्यात येऊ नका, असं मला वाटतं. पण पत्र लिहा. ते फोडतील की नाही हे मी सांगू शकत नाही.

तुमची भावजय


२९ मार्च

धाकट्या,

तू विचारलं होतंस की ओ मध्ये काय काय लागतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

गोल फिरवायचा नाद सोड. खोलीच्या लांब भिंतीला एक फळी लाव, कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे उभं राहूनही चालवता येईल आणि खुर्चीत बसूनही. भक्कम ब्रॅकेट लाव, म्हणजे काही हलणार नाही. तिच्यावर मालधक्का मांड. तीन फाटे पुरेत. गाडी जाईल, थांबेल, डबा सोडेल, दुसरा घेऊन मागे येईल. हे काम गोल फिरण्यापेक्षा अवघड आहे. कोणता डबा आधी काढायचा आणि कोणता नंतर, यात डोकं लागतं. ओ चा डबा मुठीत धरता येतो, आणि रुळावर नीट बसला की खट्ट असा आवाज येतो.

सुरुवातीला एक छोटं इंजीन आणि चार डबे घे. जास्त नको. नियंत्रक मोठ्या गोल मुठीचा घे, मधे आणली की थांबणारा.

लांब भिंत किती फूट आहे ते कळव. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

ताई


१० मे

ताई,

मी सांगतोय आणि मास्तरीणबाई लिहून घेतायत. त्यांनी मधे काही घुसवलं तर ते माझं समजू नकोस.

भिंत अकरा फूट. फळी लागली. शिट्टीने लावून दिली, दोन रविवार खपला. पहिल्या रविवारी आमचं बोलणं झालं नाही. तो ड्रिल मारत होता, मी स्क्रू देत होतो. खाली पडलेले तो उचलत होता आणि मी बघत नाही असं दाखवत होता. दुसऱ्या रविवारी चहा पिताना मी म्हटलं, पाळण्याच्या वेळी वारा नव्हता. तो म्हणाला, "माहिती आहे, दादा." आणि दुसरं बिस्किट घेतलं. एवढंच.

कामावरून मी बाहेर आहे. साहेबांनी नव्या ऑपरेटरांना शिकवायला बोलावलंय, खाली वर्गात. अजून हो म्हटलेलं नाही. (म्हणणार आहेत. मास्तरीण.)

तुझं बारा मार्चचं पत्र शेवटी फोडलं. तुझं चुकलं, असं मी अजूनही म्हणतो. चार दिवस थांबली असतीस तर मी स्वतः सांगितलं असतं, असं मला वाटतं. मास्तरीणबाईंनी इथं पेन खाली ठेवलंय आणि माझ्याकडे बघतायत. बरं. नसतं सांगितलं.

तुला एक सांगायचंय, ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरीणबाईही आत्ताच ऐकतायत. बटण दाबलं आणि तुळई पुढे गेली तेव्हा मी खाली बघितलं. दोरीवाले तिथंच असणार, हे मला माहीत होतं. नेहमी तिथंच असतात. त्यांना कुणी हटवलंय हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. परांची कोसळत होती तेवढा सगळा वेळ मला वाटत होतं की मी दोघांना मारलं. मग धूळ बसली आणि ती जागा दिसली. रिकामी होती. नुसत्या दोन दोऱ्या पडलेल्या.

मी केबिनमध्ये मोठ्याने रडलो, ताई. वॉकीटॉकी चालू होती, शिट्टीने ऐकलं असणार. तो कधी बोलला नाही.

इंजीन आलंय. हिरवं आहे, हातात घेतलं की पाव किलो साखरेएवढं लागतं. तिसरा फाटा लावायचा राहिलाय, त्याचं गणित मला जमेना. कोणता डबा कुठून काढायचा ते तू येऊन दाखव.

मी अजून रागावलेलो आहे. मास्तरीणबाईंना म्हटलं, राग गेला की बोलवू. तर म्हणाल्या, तो जायची वाट बघितली तर ताईंना इथं कधीच येता यायचं नाही. तेव्हा राग असतानाच ये. पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागते.

धाकटा